श्रमाचा आकडा आणि श्रमाचा शब्द

पोहणाऱ्या मुलास पन्नास मीटरला किती सेकंद लागले, हे घड्याळ सांगते. ते अंतर कापताना त्याला किती श्रम पडले, हे मात्र सांगत नाही. रामटेकच्या खिंडसी तलावासारख्या मोकळ्या पाण्यात तर अंतराचीही खूण नसते. तेव्हा श्रम किती झाले, हे अखेरीस पोहणाऱ्यासच विचारावे लागते. आणि विचारणे आले की प्रश्न भाषेचा होतो.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमासाठी प्रथम ६ ते २० व पुढे ० ते १० अशा श्रेणी सिद्ध केल्या. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी सरावानंतर सुमारे अर्ध्या तासाने एकच आकडा विचारून त्यास सरावाच्या मिनिटांनी गुणण्याची रीत रूढ केली. समजा, ६० मिनिटांच्या सरावास प्रशिक्षकाने ३ हा आकडा योजिला आणि मुलाने ५ सांगितला, तर भार १८० नसून ३०० ठरतो.

असा फरक प्रत्यक्षातही आढळतो. जलतरणपटूंविषयीच्या २००९ मधील एका अभ्यासात असे दिसले की, प्रशिक्षकाने हलका म्हणून योजिलेला सराव पोहणाऱ्यांस अधिक जड वाटतो आणि जड म्हणून योजिलेला त्या मानाने हलका वाटतो. लहान वयात ही तफावत अधिक असते, असे २०१४ मधील दुसऱ्या अभ्यासाने दाखविले. विश्रांतीचा दिवसच अशा रीतीने नकळत हिरावला जातो.

आता आपल्या भाषेकडे पाहू. 'दम लागला' यात श्वास आहे, 'हात भरून आले' यात स्नायू आहेत, 'कंटाळा आला' यात मन आहे. आणि मूल या तिन्हींसाठी 'दमलो' एवढेच म्हणते. शिवाय 'दम' म्हणजे धापही आणि धमकही. 'याच्यात दम आहे' ही स्तुती ज्याने ऐकली, त्यास सवंगड्यांदेखत 'दम लागला' म्हणणे जड जाते. मग आकडा कमी सांगितला जातो.

यावर उपाय साधा आहे. प्रशिक्षकाने आपला आकडा सरावापूर्वी लिहून ठेवावा. मुलास मागाहून एकट्यास विचारावे. प्रथम श्वास, हात व मन यांविषयी त्याच्याच शब्दांत ऐकावे आणि मग आकडा घ्यावा. दोन आकड्यांत अंतर पडले तर मुलास खोटे ठरवू नये. ते अंतर हीच प्रशिक्षकास हवी असलेली माहिती होय.