शीड पाण्यात पडल्यावर

हवाई बेटांपैकी माउईच्या उत्तर किनाऱ्यावर पाइया नावाचं चिमुकलं गाव आहे. ते मागे टाकून हानाच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात डाव्या हाताला समुद्र उघडतो आणि पुढच्या गाड्या एकामागून एक मंदावतात. खाली होओकिपा असतं. विंडसर्फिंग करणाऱ्यांच्या लेखी जगात याहून मोठं तीर्थक्षेत्र नाही. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की ईशान्येचा व्यापारी वारा उजव्या गालावर आपटतो, किनाऱ्याला जवळजवळ समांतर. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांनी हाकलून दिलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात आणि इथल्या खडकाळ तळावर अडखळून फुटतात. आडवा वारा आणि उभी लाट असा योग जुळून यायला नशीब लागतं. इथे तो महिनोन्‌महिने टिकतो.

वाऱ्याची दिशा इतकी महत्त्वाची का? वारा थेट किनाऱ्याकडे येत असेल तर तो लाटेचा माथा ढकलून ती वेळेआधीच मोडतो आणि शीडवाल्याला बाहेर निघणंच मुश्कील होतं. समुद्राकडे जाणारा वारा लाट छान उभी धरतो, पण काही बिनसलं तर माणसालाही सोबत खोल समुद्रात घेऊन जातो. आडवा वारा मात्र जायला मदत करतो आणि यायलाही. बाहेर जाताना येणारी लाट म्हणजे उडी मारायची चढण असते आणि परतताना तीच लाट घसरगुंडी होते. लाटेच्या पायथ्याशी फळी कडेवर झुकवून वळायचं, पुन्हा माथ्यावर चढायचं, तिथे फेसाला धडक देऊन परत खाली यायचं. दोन मीटरहून थोडीशी लांब फळी, चार-पाच चौरस मीटरचं शीड आणि पायांना दोन-तीन पट्टे एवढ्यावर हा सगळा कारभार चालतो.

इतिहास थोडक्यात उरकलेला बरा, कारण तो बराचसा कोर्टात घडला. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी यांनी फळीवर शीड बसवलं, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. कॅलिफोर्नियातल्या हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. सगळ्या दिशांना वळणाऱ्या सांध्यावर डोलकाठी उभी करून पठ्ठ्यांनी शीड हातात धरायला लावलं. पुढे इंग्लंडमधल्या खटल्यात १९५८ साली हेलिंग बेटावर बारा वर्षांच्या पीटर चिल्व्हर्सने असंच काहीसं बनवलं होतं, हा पुरावा ग्राह्य धरला गेला आणि तिथलं पेटंट कोसळलं. १९७६ मध्ये हवाईचा रॉबी नॅश तेराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि १९८४ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. ऑलिंपिकमधली शर्यत आणि होओकिपाची लाट यांचं नातं मात्र चुलत-चुलत भावंडांइतकंच.

आता शार्ककडे वळू. होओकिपाच्या कड्यावर उभा असलेला नवखा पर्यटक आधी तेच विचारतो आणि प्रस्तुत लेखकालाही खरा रस तिथेच आहे.

सर्फर आणि विंडसर्फर एकाच पाण्यात उतरतात, पण शार्कच्या दृष्टीने त्यांच्यात फार फरक आहे. सर्फरचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. तो फळीवर बसून असतो, पाय पाण्यात लोंबकळत असतात, हात मधूनमधून पाणी उपसतात. १९ जुलै २०१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या जेफ्रीज बे इथे मिक फॅनिंग असाच लाटेची वाट पाहत बसला होता. स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती आणि जगभर थेट प्रक्षेपण होत होतं. पडद्यावर त्याच्यामागे एक पंख वर आला, धडपड झाली, पायाची दोरी तुटली आणि काही क्षण लाटेआड तो दिसेनासाच झाला. त्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. फेरी रद्द झाली. पुढच्याच वर्षी तो तिथे परत गेला आणि स्पर्धा जिंकून आला. या माणसाच्या धाडसाला काय म्हणावं हे ज्याने त्याने ठरवावं.

विंडसर्फरला वाट पाहावी लागत नाही. शिडात वारा भरला की तो ताशी तीस-चाळीस किलोमीटरने पाण्याला जेमतेम टेकत जातो. धोका सुरू होतो तो शीड पाण्यात पडल्यावर. मग त्याला डोलकाठी वाऱ्याच्या अंगाला वळवून घ्यावी लागते, पाण्यात आडवं तरंगत शिडाची कड वर उचलावी लागते, वारा आत शिरेपर्यंत दम धरावा लागतो आणि एक पाय फळीवर ठेवून शिडाच्या ओढीने वर यावं लागतं. जमून आलं तर हे अर्ध्या मिनिटाचं काम. पण दोन लाटांच्या मधल्या घळीत वाराच पोचत नाही. तिथे माणूस गळ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर आणि पाय खाली सैल सोडून लटकत राहतो. मागची लाट डोक्यावर फुटली की सगळं पहिल्यापासून. डोलकाठी मोडली तर खेळच खलास. उरतं ते पोहणं. होओकिपात वाऱ्याच्या खालच्या अंगाला काळे खडक आहेत आणि वाहून जाणारी फळी-शीड हटकून तिथेच जाऊन थडकतात. तिथल्या सवयीच्या माणसाला शार्कपेक्षा त्या खडकांचा धसका जास्त असतो आणि हिशेबाने पाहिलं तर त्याचंच बरोबर आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात जगभरच्या शार्क-चाव्यांची नोंदवही ठेवली जाते. तिच्यात २०२३ मध्ये न डिवचता झालेल्या चाव्यांची संख्या ६९ आहे आणि २०२४ मध्ये ४७. साऱ्या जगाचा वर्षाचा आकडा एवढाच.

तरीही माउईचं पाणी रिकामं नाही. संध्याकाळी होओकिपाच्या पूर्व टोकाला, कड्याखालच्या वाळूत, हिरवी समुद्रकासवं वर येतात. आधी एक धोंडा वाटतो, मग दुसरा, मग लक्षात येतं की धोंडे श्वास घेताहेत. कधीकधी डझनांनी पडलेली असतात. कवचावर शेवाळ, डोळे अर्धे मिटलेले, पुढचा वल्ह्यासारखा पाय मधूनच वाळू उडवतो. हवाईत १९७८ पासून त्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांची संख्या चांगली वाढली आहे. या कासवाचं कवच फोडू शकणारा जबडा इथे टायगर शार्कचा. त्याचा प्रत्येक दात आडवा, करवतीसारखा, कापायलाच बनवलेला. चार मीटर लांबीचा टायगर शार्क ही इथे नवलाई नाही. म्हणजे वरच्या वाळूत कासवं, शंभर-दोनशे मीटरवर शिडं आणि मधल्या पाण्यात या दोघांनाही ओळखून असलेलं जनावर.

२०१२ आणि २०१३ मध्ये माउईभोवती चाव्यांच्या घटना एकदम वाढल्या आणि पर्यटन खात्यापासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे धास्तावले. मग हवाई विद्यापीठातल्या कार्ल मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायगर शार्कना उपग्रहाशी आणि पाण्याखालच्या ध्वनियंत्रांशी बोलणाऱ्या खुणा लावल्या. निघालेलं उत्तर भूगोलाचं होतं. माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे मिळून हिमयुगात एकच बेट होतं. समुद्र चढला तशी ती वेगळी झाली आणि मधलं उथळ पठार पाण्याखाली राहिलं. दोनशे मीटरपर्यंतच्या या उथळ पट्ट्यातच टायगर शार्कचा मुख्य वावर असतो आणि माउईभोवती तो इतर बेटांपेक्षा कितीतरी विस्तीर्ण आहे. खुणा लावलेले शार्क माणसांच्या आवडत्या किनाऱ्यांजवळून वारंवार जाताना दिसले. लोकांना त्याचा पत्ताही नव्हता आणि बहुतेक वेळा शार्कलाही लोकांशी काही देणंघेणं नव्हतं.

एक जुनी गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हवाईच्या मूळ रहिवाशांत फार पूर्वीपासून समज आहे की विलीविलीला फुलं आली की शार्क चावतात, तेव्हा पाण्यापासून जपून राहावं. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याची सख्खी बहीण, एकाच वंशातली. तसाच काटेरी बुंधा, तशीच चोचदार फुलं, फक्त रंग केशरीपासून फिक्या हिरव्यापर्यंत. आपला पांगारा शिमग्याच्या सुमाराला पेटतो, तर विलीविली उन्हाळा सरताना. आधुनिक नोंदी पाहिल्या तर हवाईत चाव्यांचं प्रमाण ऑक्टोबरात सर्वांत जास्त भरतं आणि याच दिवसांत टायगर शार्कच्या माद्या पिलं घालतात. वायव्येकडच्या दूरच्या बेटांकडून मोठ्या माद्यांचा एक हिस्सा, साधारण चौथा, शरदात मुख्य बेटांकडे सरकतो असंही संशोधकांना आढळलं. पंचांग न बघता झाड बघणाऱ्यांचा अंदाज बरोबर निघाला. आणि गंमत अशी की याच विलीविलीचं हलकं लाकूड पूर्वी लाटांवरच्या फळ्यांना आणि होडीच्या बाजूच्या तरंगत्या ओंडक्याला वापरत. इशारा देणारं झाडही तेच आणि पाण्यात घेऊन जाणारंही तेच.

विसाव्या शतकातल्या सरकारने झाडाकडे पाहिलं नाही, गळाकडे पाहिलं. १९५८ च्या डिसेंबरात ओआहूच्या किनाऱ्याजवळ एका पंधरा वर्षांच्या मुलाचा शार्कने बळी घेतला आणि लोक खवळले. १९५९ ते १९७६ या काळात सरकारी खर्चाने ४,६६८ शार्क मारले गेले. त्यांत टायगर शार्क होते ५५४. नंतर शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा चाव्यांच्या प्रमाणात मोजता येण्याजोगी घट सापडली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये पांढऱ्या शार्कच्या भीतीने गळ टाकले. लागलेल्यांत एकही पांढरा शार्क नव्हता. हवाईने मात्र उलटी वाट धरली. १ जानेवारी २०२२ पासून राज्याच्या समुद्रात शार्क जाणूनबुजून पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. आता चावा झाला की किनाऱ्याच्या दोन्ही अंगांना मैलभर पाट्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, पाण्यात काही दिसलं नाही तर, त्या काढल्या जातात. हा साधा बंदोबस्त प्रस्तुत लेखकाला सतरा वर्षांच्या कत्तलीपेक्षा शहाणा वाटतो.

इथे थोडं विषयांतर, पण केप टाउनला न जाता हा लेख पुरा होणार नाही. तिथे उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा दिवसेंदिवस घोंघावतो; शहराची हवा धुऊन काढतो म्हणून लोक त्याला केपचा डॉक्टर म्हणतात. जगभरचे विंडसर्फर डिसेंबर-जानेवारीत तिथे मुक्काम ठोकतात. अटलांटिकच्या बाजूला हा वारा वरचं पाणी ढकलून देतो आणि खालचं गारठलेलं पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात रबरी पोशाखाशिवाय उतरायची सोय नाही. केप ऑफ गुड होपजवळच्या प्लॅटबूम किनाऱ्यावर शीड बांधताना डोळा समुद्रावर ठेवून चालत नाही, कारण गाडीत ठेवलेल्या डब्यावर बबून माकडं टपलेली असतात. समुद्रातल्या जनावराच्या चिंतेत आलेल्या माणसाची भाकरी डोंगरातलं जनावर पळवतं.

डोंगराच्या पलीकडे फॉल्स बे. तिथे म्युझेनबर्गच्या वर चढावर दुर्बिणी घेऊन माणसं बसतात. २००४ पासून हा शार्क टेहळणीचा उपक्रम चालू आहे. खाली किनाऱ्यावर झेंडे: हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क नाही, काळा म्हणजे पाणी गढूळ, दिसत नाही, लाल म्हणजे सावध राहा. शार्कचं चित्र असलेला पांढरा झेंडा चढला आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी मुकाट्याने बाहेर यायचं. या टेहळ्यांच्या नोंदींवरून अभ्यासकांना दिसलं की पाणी अठरा अंशांच्या आसपास कोमट असेल आणि अमावास्या असेल तर पांढरा शार्क दिसण्याची शक्यता वाढते. कोकणातला म्हातारा खलाशी हे ऐकून मान डोलावेल.

पुढची कथा तर कादंबरीला शोभावी. २०१७ मध्ये त्या किनाऱ्यावर गान्सबाईजवळ पांढऱ्या शार्कची कलेवरं वाहून येऊ लागली. छाती फाटलेली आणि यकृत गायब. संशय गेला दोन ऑर्कांवर, म्हणजे किलर व्हेलवर. पाठीचा पंख एकाचा डावीकडे पडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड अशी जहाजाच्या बाजूंची नावं पडली होती. जून २०२३ मध्ये यातल्या स्टारबोर्डने मोसेल बेमध्ये अडीच मीटरचा पांढरा शार्क एकट्याने दोन मिनिटांच्या आत संपवला आणि हे बोटीवरच्या लोकांनी पाहिलं. तोवर फॉल्स बेमधले पांढरे शार्क जवळजवळ दिसेनासे झाले होते. ऑर्कांनीच पळवले की मासेमारीनेही त्यांचं अन्न आणि संख्या घटवली, यावर अभ्यासकांत वाद आहे. पांढऱ्या शार्कला कायद्याने संरक्षण देणारा पहिला देश दक्षिण आफ्रिकाच, १९९१ साली. इतकं करूनही हे घडलं.

आपल्याकडे शार्कची ओळख पाण्यात नाही, ताटात होते. मालवणात मोरी आणि मुंबईत मुशी. बाजारात येणारी बहुतेक वीतभर-हातभर लांबीची असते आणि झणझणीत वाटपात ती छान लागते हे कबूल करायला हवं. विंडसर्फिंगही आपल्याला अगदीच परकं नाही. गोव्यात ते वर्षानुवर्षं चालतं आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इबाद अलीने या प्रकारात ब्राँझ मिळवलं. पण ते सगळं शर्यतीचं, तुलनेने शांत पाण्यातलं विंडसर्फिंग. कोकणात मोठ्या लाटा येतात तेव्हा पावसाळा असतो, वारा सरळ किनाऱ्यावर आदळतो आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. होओकिपाचा योग तिथे जुळत नाही.

पुन्हा शार्ककडे येऊ. सध्या सगळ्यात उत्सुकता आहे ती मोसेल बेमधल्याच एका प्रयोगाची. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वेरी विद्यापीठाच्या लॉरा रायन यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं होतं की पांढऱ्या शार्कची नजर बारकावे टिपत नाही. वरच्या उजेडावर दिसणारी सर्फरची आणि सीलची काळी आकृती त्याला वेगळी करता येत नसावी. मग त्यांनी सीलच्या आकाराच्या फळ्यांना खालून एलईडी दिवे लावून त्या बोटीमागे ओढल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: आडव्या ओळीत तेजस्वी दिवे असलेल्या फळीकडे शार्क फारसे फिरकलेच नाहीत, कारण दिव्यांनी तिची काळी सावलीच मोडून टाकली होती. विंडसर्फिंगच्या फळीला तळाशी असे दिवे बसवणं अशक्य नाही. पण हे सारं पांढऱ्या शार्कपुरतं आहे. माउईच्या टायगर शार्कचं शिकारीचं तंत्र वेगळं, तो रात्रीही फिरतो आणि नुसत्या सावलीवर विसंबत नाही. टायगर आणि बुल शार्कवर हे दिवे चालतात का, ते पाहणं या संशोधकांच्या पुढच्या कामात आहे. तोवर होओकिपातल्या शीडवाल्यांचे नियम जुनेच आहेत: सकाळी अकराच्या आधी शीड लावायचं नाही (हा नियम मुळात सर्फरना मोकळं पाणी मिळावं म्हणून आहे), पाऊस पडून ओढ्यांचं गढूळ पाणी समुद्रात आलं असेल तर उतरायचं नाही, आणि ऊन उतरून कासवं वाळूत चढायला लागली की फळी काखेत मारून गाडीकडे निघायचं.