एकाच नावाच्या किती माश्या?

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. आपल्या सीमाभागात तर हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्याचा पाहुणा ‘काय करतोयस?’ विचारतो, आपण ‘काय करायलास?’ म्हणतो. धारवाडचे ‘एन माडाकत्ती?’ म्हैसूरला पोहोचेपर्यंत ‘एन माड्तिद्दीया?’ झालेले असते. मी कॉलेजात भूगोल शिकवते. डोंगर, नदी किंवा नुसते अंतर मध्ये आले की माणसांच्या बोलीत फरक पडतो, हे सांगताना मी मुलांना आणखी एक उदाहरण देते. ते माणसांचे नाही, एका माशीचे आहे. अंतर पडले की तिच्या अंगावरच्या खुणा बदलतात. तो फरक ओळखला नाही तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

ही माशी म्हणजे सँडफ्लाय. मराठीत तिला वालुमक्षिका किंवा वाळूमाशी म्हणतात, कन्नडमध्ये मरळु नोण. आपल्याकडे घरोघरी मात्र तिला वेगळे नाव नाही. चिलट, केमरे, नुसि अशा कुठल्याही नावाखाली ती खपून जाते. लांबी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. अंगभर बारीक केस. बसली की पंख मिटत नाही, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उभे धरते. डासासारखी गुणगुणत नाही, आणि लांब न उडता टुणटुण उड्या मारल्यासारखी पुढे सरकते. चावते ती फक्त मादी, आणि तीही बहुधा संध्याकाळनंतर. डासाप्रमाणे तिला अंडी घालायला साचलेले पाणी लागत नाही. गोठ्यातली ओलसर माती, कुजलेला पाला, शेणकुटाचा कोपरा, मातीच्या भिंतीची भेग, एवढे तिला पुरते. म्हणून डबकी बुजवून डास कमी होतील, वाळूमाशी होणार नाही.

एवढ्याशा माशीची दखल का घ्यायची, असे कुणी विचारील. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला आणि त्या जागेचेच नाव त्याला दिले. पुढे तो वाळूमाश्यांतही मिळाला. बरीच वर्षे त्याचे कुणाला फारसे भय वाटले नाही. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. तपासात चांदीपुरा विषाणूचे नाव पुढे आले. २००४ साली गुजरातमध्ये, पुढे विदर्भातही तो दिसला. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि ८२ जण दगावले. त्यांपैकी ६४ जणांना चांदीपुराची बाधा असल्याचे सिद्ध झाले. हे बहुतेक गुजरातमधले होते. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत सारे संपते, असा हा आजार आहे.

आंध्रातल्या त्या साथीनंतर करीमनगर भागात माश्या पकडून तपासल्या, तेव्हा विषाणू सापडला तो सर्जेन्टोमिया नावाच्या गटात. हा गट मुख्यतः पाली-सरड्यांचे रक्त पिणारा, माणसाला त्याचा काय त्रास, असे आजवर समजले जाई. कुठली माशी कुठे आहे हे नीट पाहण्याची गरज इथेच ध्यानात येते.

आता दुसऱ्या माशीकडे वळू. तिचे शास्त्रीय नाव फ्लेबोटोमस आर्जेंटिपीस, म्हणजे चंदेरी पायांची. १९०८ मध्ये अॅनंडेल आणि ब्रुनेट्टी या दोघांनी तिचे वर्णन केले. बिहार, बंगाल, आसाममधल्या काळा आजाराची हीच वाहक. १९२० च्या दशकात सिंटन या डॉक्टरांच्या लक्षात आले की जिथे काळा आजार आहे, तिथे ही माशी आहे. ती खरोखरच रोग पसरवते याचा पुरावा मिळायला मात्र १९४२ साल उजाडले. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये, स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून तो दिला.

इथे भूगोलाच्या माणसाला कोडे पडते. आर्जेंटिपीस फक्त बिहारात नाही, दक्षिणेतही सर्वदूर आहे. काळा आजार मात्र पूर्व भारतातच ठाण मांडून बसला. श्रीलंकेत हीच माशी, जंतूही काळा आजाराच्याच कुळीतला, तरी तिथे बहुतेकांना ताप न येता कातडीवर जखमा होतात. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळच्या अगस्त्यमलाई डोंगरातल्या काणी आदिवासींमध्येही असे कातडीचे रुग्ण आढळले आहेत. माशीचे नाव एकच, मग रोगाचे रूप ठिकाणागणिक वेगळे का? जंतूचा वाण, हवामान, घरांची बांधणी, गुरे किती, अशी कारणे अनेक आहेत. त्यांत एक प्रश्न माशीबद्दलचाही आहे: ती सगळीकडे खरोखर एकच आहे का?

के. इलंगो या भारतीय संशोधकाने हा प्रश्न लावून धरला. त्यांनी पाहिले काय, तर माशीच्या मिशीवरचा केस! कीटकाच्या डोक्यावरची मिशी म्हणजे शृंगिका, मण्यांच्या माळेसारखी खंडाखंडांची असते. त्या खंडावर एक बारीक केस असतो. तो खंडाच्या मानाने किती लांब, हे मोजले, तर कुठल्या माश्यांत आखूड, कुठल्यांत लांब. या मापांवरचे त्यांचे काम २००० साली प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये त्यांनी मांडले की आर्जेंटिपीस ही एक जात नसून तीन जातींचे कुटुंब आहे: खुद्द आर्जेंटिपीस, अॅनंडेलाय आणि ग्लाऊकस. अनेक अभ्यासक आजही तिघींना मिळून आर्जेंटिपीस असेच लिहितात. पण प्रश्न एकदा विचारला गेला की तो परत पेटीत घालता येत नाही.

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली अशी मिशी दाखवली. केस शोधायलाच मला पाच मिनिटे लागली. एवढ्याशा खुणेवर जात ठरवायची, तर चूक व्हायला कितीसा वेळ, असे मी म्हटले. सर म्हणाले, ‘म्हणूनच एका खुणेवर भागत नाही.’

त्यांनी ब्राझीलचे उदाहरण दिले. तिथे काळा आजारासारखाच रोग ल्युटझोमिया लाँगिपाल्पिस ही वाळूमाशी पसरवते. १९६९ मध्ये मंगाबेइरा यांनी नोंदवले की पारा प्रांतातल्या नरांच्या पाठीवर फिकट ठिपक्यांची एकच जोडी आहे, तर सेआरा प्रांतात दोन. सेआरातल्या सोब्राल गावी दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी राहतात, पण त्यांचा आपसात संकर फारसा होत नाही. ते ठिपके म्हणजे मादीला बोलावणाऱ्या गंधाच्या ग्रंथी निघाल्या. प्रकारागणिक गंध वेगळा. नर पंख थरथरवून मादीसमोर जे ‘गाणे’ म्हणतो, तेही वेगळे. आपल्या गल्लीत मराठी आणि कन्नड घरे सुखाने सोयरीक जुळवतात, या माशीला ते जमत नाही.

पण गंमत पुढेच आहे. एकाच जोडीचा ठिपका असलेले नर दोन दूरच्या गावांतून आणून पाहिले, तर त्यांचेही गंध आणि गाणी निराळी निघाली. म्हणजे रूप सारखे असूनही जात वेगळी असू शकते. उलट अळी असताना खायला कमी मिळाले किंवा हवा गरम असली, तर एकाच जातीच्या माश्या लहान-मोठ्या निपजतात, तिथे रूप वेगळे असूनही जात एकच. दिसण्यावरून निवाडा करायचा नाही, आणि दिसणे सोडूनही द्यायचे नाही. म्हणूनच आता मापांच्या जोडीला जनुके तपासतात.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे, असे कुणी समजू नये. बिहारमध्ये वर्षानुवर्षे घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले. माश्या त्याला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा २०१५ च्या सुमारास औषध बदलावे लागले. भारतात काळा आजाराचा जंतू माणसाकडूनच माणसाकडे जातो, म्हणून माणसाला चावणारी माशी कुठली, गुरांवर भागवणारी कुठली, हे कळले तर फवारा नेमका मारता येतो. २०२३ मध्ये देशातल्या सर्व ६३३ बाधित गटांत काळा आजाराचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. ही मोठीच गोष्ट आहे. पण रुग्ण कमी झाले म्हणून माशी गेलेली नाही. ती टिकली तर रोग परत फिरू शकतो.

आपल्या घरी काय करता येईल? खानापूरकडच्या मातीच्या घरांत, जुन्या वाड्यांत भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. गोठा कोरडा ठेवा, शेण आणि केर घराच्या भिंतीला लागून साठवू नका. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी सहज आत येते, तेव्हा बारीक विणीची घ्या. पावसाळ्यात संध्याकाळी मुलांना अंगभर कपडे घाला. मुलाला अचानक जोराचा ताप आला आणि झटके आले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठा. चांदीपुरावर खास औषध नाही आणि बाजारात लसही नाही. झटके आवरणे, श्वास आणि रक्तदाब सांभाळणे हेच उपचार आहेत, आणि ते रुग्णालयातच होतात.

आणि घरात कुणी ‘बारीक चिलट चावलं’ म्हणाले, तर एकदा विचारून बघा: ते पाण्यापाशी होते की भिंतीच्या भेगेपाशी? बसल्यावर पंख मिटले होते, की उभे होते?