काशीची शैक्षणिक सहल : श्रद्धा आणि प्रत्यक्ष

आयुर्वेद महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली बहुधा वनौषधी उद्याने आणि औषधनिर्माणशाळा यांपुरत्या मर्यादित राहतात. शल्यतंत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र एकदा तरी काशी पाहावी. सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्राचा उपदेश करणारे दिवोदास धन्वंतरी हे काशिराज होते, असे सुश्रुतसंहितेच्या आरंभीच सांगितले आहे.

मराठी विद्यार्थ्यास हे नगर परके वाटत नाही. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाचे विद्यमान मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. शिंदे आणि भोसले यांची नावे तेथील घाटांना आजही आहेत.

महामृत्युंजय मंदिराच्या आवारात धन्वंतरीच्या नावाने ओळखली जाणारी एक विहीर आहे. तिच्या जलाने व्याधी दूर होतात, अशी भाविकांची श्रद्धा. तेथे आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे पाणी रुग्णास द्यावे का?" प्रश्न योग्यच होता. विहिरीस वंदन अवश्य करावे. परंतु द्रव्याचे गुण, मात्रा आणि शुद्धता पारखल्याविना त्यास औषध म्हणू नये. श्रद्धेने रुग्णास धीर येतो. निदान आणि चिकित्सा यांचे दायित्व वैद्याचेच राहते.

मणिकर्णिकेवर अहोरात्र चिता जळत असतात. तेथे विद्यार्थ्यांना शारीरस्थानातील शवशोधनाचा विधी समजावून सांगावा. शव मुंज, कुश इत्यादींनी वेष्टून, पिंजऱ्यात घालून संथ जलात ठेवावे. सात रात्रींनंतर वाळा किंवा वेळूच्या कुंचीने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, असे सुश्रुताचार्य सांगतात. आप्तांसाठी जो देह अंत्यसंस्काराचा विषय, तोच वैद्यासाठी गुरू आहे. विच्छेदनगृहात वावरताना विद्यार्थ्यास याचे विस्मरण होऊ नये.

१९१६ मध्ये स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाची भेट या सहलीत अपरिहार्य मानावी. सुश्रुतसंहिता आणि चक्रदत्त यांत उल्लेखिलेल्या क्षारसूत्राचे विसाव्या शतकात पुनरुज्जीवन झाले ते येथेच, प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांमुळे. औषधनिर्मात्यांनी या सूत्राची निर्मिती ध्यानी घ्यावी : स्नुहीक्षीराचे ११ लेप, त्यानंतर स्नुहीक्षीर व अपामार्गक्षार यांचे ७, आणि शेवटी स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्ण यांचे ३, असे एकूण २१ लेप, प्रत्येक लेपानंतर सूत्र वाळवावे लागते. एखादा लेप वगळला तर सूत्राचे कार्य उणावते आणि भगंदराच्या रुग्णास त्याचे फळ भोगावे लागते.

सहलीस निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून योग्यासूत्रीय अध्याय वाचून घ्यावा. परतल्यावर भोपळा व काकडी यांवर छेदनाचा, कमळाच्या देठावर वेधनाचा आणि वस्त्राच्या पुतळ्यावर बंधनाचा अभ्यास करवावा. काशीचे दर्शन डोळ्यांना घडतेच. ते हातांपर्यंत पोहोचविणे हे अध्यापकांचे कर्तव्य होय.