समजून घ्या : चंद्रपूरच्या कोळशावर देशाची वीज कशी चालते, अन् गावाच्या वाट्याला काय येतं?

चंद्रपूर : रात्री ओलितासाठी ५ एचपीची मोटार तासभर चालवली, की साधारण ४ युनिट वीज लागते. औष्णिक केंद्रात एक युनिट बनवायला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तासाभराच्या ओलितामागे अडीच-पावणेतीन किलो कोळसा!

कोळसा येतो कुठून?
दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घूस, माजरी, बल्लारपूर, सास्ती या पट्ट्यात वेकोलिच्या खाणी आहेत. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. सगळे संच पूर्ण चालले तर दिवसाला ४० हजार टनांहून जास्त कोळसा लागतो. पाणी इरई धरणाचं.

देशाला गरज का?
देशातली ७० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच. खनिज तेल बहुतांश बाहेरून आणावं लागतं, कोळसा मात्र बराचसा घरचा आहे. सोलर दिवसा चालतं, कोळशाचा संच रात्रीही चालतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पावसानं खाणींत पाणी शिरलं, बाहेरचा कोळसा महागला आणि विजेची मागणी वाढली. तेव्हा देशातल्या केंद्रांत सरासरी चारेक दिवसांचाच साठा उरला होता.

किंमत कोण मोजतं?
शेती खाणीत जाते, अंगणात धूळ येते, जंगल तुटतं. ताडोबाजवळचा बंदर कोळसा पट्टा २०२० मध्ये लिलावाच्या यादीतून वगळला गेला, कारण तो वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होता.

गावाचा हक्क काय?
२०१५ च्या कायदा दुरुस्तीनुसार खाणवाल्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसे द्यावे लागतात. जुन्या खाणपट्ट्यावर रॉयल्टीचे १०० रुपये भरले, तर त्यावर आणखी ३० रुपये. लिलावातल्या पट्ट्यावर १० रुपये. हा निधी खाणबाधित गावांसाठी आहे. पिण्याचं पाणी, दवाखाना, शाळा, प्रदूषण रोखणं ही कामं आधी. गडचिरोलीत सूरजागडला लोहखनिज निघतं, तिथंही हाच नियम. अनुसूचित क्षेत्रात कामांच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते.

काय करायचं?
आपलं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नसेल तर लेखी अर्ज द्या. कामाचा ठराव ग्रामसभेत घ्या आणि त्याची नक्कल जपून ठेवा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.