चर्चचा कागद वेगळा, कोर्टाचा कागद वेगळा

कोयनानगरहून एका कुटुंबाने आमच्याकडे विचारणा केली. मुलाला एका कॅथलिक ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचं आहे. तिचं आधी पुण्यातल्या एका चर्चमध्ये लग्न झालं होतं, पटलं नाही, चार वर्षं ती माहेरी आहे. "चर्चनं लग्न रद्द केल्याचा कागद तिच्याकडे आहे, मग निकाह पढवायला हरकत काय?" एवढाच प्रश्न. नावं आम्ही देत नाही. धरणाच्या वसाहतीत सगळ्या धर्मांची घरं भिंतीला भिंत लावून राहिली, त्यामुळे असा प्रश्न येण्यात नवल नाही. उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही.

आपल्याकडे निकाह हा पक्का करार आहे. तो मोडू नये, पण अगदीच निभत नसेल तर तलाक आहे, खुला आहे, फस्ख आहे. कॅथलिक चर्च लग्नाला करार मानतंच, पण दोन बाप्तिस्मा झालेल्यांमधला तो पवित्र संस्कारही मानतं. इंजीलमध्ये मत्तयच्या १९व्या अध्यायात हजरत ईसा (अलै.) यांना काही लोक घटस्फोटाबद्दल विचारतात. हजरत मूसांच्या शरीयतीत सूटपत्र देऊन बायकोला सोडता येत होतं. त्यावर उत्तर मिळतं की ती सवलत तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे होती, मुळात तसं नव्हतं. मार्कच्या १०व्या अध्यायात हीच गोष्ट येते आणि तिथे कसलाच अपवाद नाही. मत्तयमध्ये मात्र व्यभिचाराचा अपवाद आहे. चर्चाचर्चांमधले मतभेद बरेचसे इथूनच सुरू होतात.

कॅथलिक चर्च हा अपवाद घटस्फोटाची परवानगी म्हणून वाचत नाही. त्यांच्या लेखी रीतसर झालेलं आणि सहवासाने पूर्ण झालेलं लग्न मरणाशिवाय तुटत नाही. मग त्या मुलीकडे कागद कसला? तो घटस्फोटाचा नाहीच. धर्मप्रांताच्या न्यायमंडळाने चौकशी करून असं ठरवलेलं असतं की हे लग्न मुळातच वैध नव्हतं. संमती जबरदस्तीची होती, मोठी गोष्ट लपवली होती, किंवा लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमताच नव्हती, अशी कारणं त्यात चालतात. म्हणून मुलं अनौरस ठरत नाहीत, हेही सांगून ठेवतो. गावात यावरून नको ती बडबड होते. पूर्वी असा निकाल दोन न्यायमंडळांकडून यावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ती अट काढली.

आपल्या भागातले सगळे ख्रिस्ती कॅथलिक नाहीत. सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशनने काम केलं, सांगली-मिरजेकडे प्रेसबिटेरियन मिशनने. मिरजेचं मिशन हॉस्पिटल त्यांचंच. या प्रॉटेस्टंट परंपरेत घटस्फोट वाईट मानतात, पण अशक्य मानत नाहीत. कोर्टाचा हुकूम पाहून, विचारपूस करून पाळक पुन्हा लग्न लावू शकतात.

आता कायदा. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९चा घटस्फोट कायदा आहे, आणि तो बायकांवर फार अन्याय करणारा होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं दाखवावं लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. २००१च्या दुरुस्तीने नवरा-बायकोला सारखी कारणं मिळाली आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची वाटही उघडली.

चर्चच्या निकालाला कोर्टात किंमत किती? सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच सांगितलं होतं की चर्चने लग्न रद्द केलं तरी कोर्टाच्या हुकुमाशिवाय दुसरं लग्न वैध होत नाही. कर्नाटकातल्या क्लॅरेन्स पैस यांनी हा प्रश्न पुन्हा नेला. त्यांनी दाखला आपलाच दिला होता: मुसलमानांचा तोंडी तलाक चालतो, मग चर्चचा निकाल का नाही? जानेवारी २०१७मध्ये याचिका फेटाळली गेली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका दमात दिलेला तीन तलाकही रद्दबातल ठरला. दाखला असा उलटला.

तर त्या कुटुंबाला आमचं उत्तर. मुलगी चर्चच्या नजरेत मोकळी आहे, कायद्याच्या नजरेत अजून कुणाची तरी बायको आहे. दुसऱ्याच्या निकाहात असलेल्या बाईशी निकाह हराम आहे, तेव्हा इमामसाहेबांनीही चर्चच्या कागदावर थांबू नये. "ती इस्लाम कबूल करेल" असंही घरच्यांनी सुचवलं. नुसत्या धर्मांतराने कायद्यात आधीचं लग्न संपत नाही. उलट त्या कारणावर तिच्या नवऱ्याला घटस्फोट मागता येतो, इतकंच. मधल्या काळात दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ती मुलीला.

हुकूम मिळाला तरी ती ख्रिस्तीच राहणार असेल तर नुसत्या निकाहावर विसंबू नये. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ४प्रमाणे एक बाजू ख्रिस्ती असलेलं लग्न त्या कायद्याबाहेर लावलं तर ते रद्द ठरतं. म्हणून १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करावी. तिथे ३० दिवसांची नोटीस लागते, आणि कुणाचाही आधीचा जोडीदार कायद्याने कायम असता कामा नये.

मुलीचा नवरा संमतीला तयार आहे, असं नंतर कळलं. दोघं चार वर्षं वेगळी आहेत, म्हणजे कायद्यातली दोन वर्षांची अट पुरी झाली. अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. अर्ज मात्र लग्न जिथे लागलं, किंवा दोघं जिथे राहतात वा शेवटचे एकत्र राहिले, तिथल्या न्यायालयात जातो. लग्नही पुण्याचं, संसारही पुण्यातला. मुलाच्या आईने फोनवर विचारलं, "म्हणजे साताऱ्याला नाही का?" नाही, पुण्यालाच हेलपाटे घालावे लागतील.