फडातला फोन आणि कोपीतले पोर

फोनने पोरे बिघडली, हे सोनईत आम्ही रोज ऐकतो. परंतु परितेवाडीचे (जि. सोलापूर) शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला; फोन त्यावर धरला की धडा ऐकता-पाहता येतो. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ते असो. मर्म निराळेच आहे. फळ्यावरचा धडा साऱ्यांना एकाच चालीने हाकतो. हा, ज्याला पाचदा हवा त्याला पाचदा मिळतो. ऊसतोडीपायी शाळा सुटलेल्या पोराला गुरुजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला धडा कोपीत मिळू शकतो. अडले तर उलट विचारताही येते. पण फोन बापाच्या खिशात आणि बाप पहाटेपासून फडात! आमचे मागणे इतकेच: तळावर संध्याकाळी दोन तास, पोरांसाठी दोन-चार फोन आणि जवळ बसणारे एक जाणते माणूस.