अडीच मिलिमीटरची निष्ठा

बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांसाठी आम्ही भिंगांच्या प्रयोगांचे शिबिर घेत होतो. तेथील एका शिक्षिकेचे काका दुपारी सहज येऊन बसले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली छायाचित्रे ठाण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना पुरवण्यात त्यांची तीसेक वर्षे गेली होती. मुंबई येथून सुमारे ६८ किलोमीटर. फिल्मच्या काळात काढलेला रोल लोकलने स्वतःच नेऊन पोचवायचा. गाडी चुकली की फोटो शिळा. काका पहिल्यापासून निकॉनवाले. त्यांच्या व्यवसायातल्या लोकांत निकॉनवाले आणि कॅननवाले असे दोन तट असतात, आणि एका तटातला माणूस दुसऱ्यात जाणे ही मोठी गोष्ट समजली जाते. हा निव्वळ अभिमानाचा भाग असावा, असे आम्ही म्हणालो. त्यावर काका म्हणाले, "अहो, बॉडी कधीही बदलता येते. लेन्सांचं काय करायचं?" आणि त्यांनी एक जुनी फजिती सांगितली.

१९९६-९७ च्या सुमारास त्यांनी फोर्टातून एक जुनी लेन्स घेतली. लेन्स कॅननची, नाभीय अंतर २०० मि.मी. तेवढ्या नाभीय अंतराची निकॉनची लेन्स परवडत नव्हती आणि महाशिवरात्र तोंडावर आली होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातली गर्दी समोरच्या गच्चीवरून टिपायची, असा बेत होता. लेन्स निकॉनवर बसत नाही हे त्यांना माहीत होते. पण त्यात काय अवघड? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लेथची कमतरता नाही. त्यांनी ॲल्युमिनियमचे कडे कातून घेतले. कड्याची एक बाजू कॅननची लेन्स धरी, दुसरी निकॉनच्या बॉडीत बसे. कडे ५ मि.मी. जाडीचे होते. लेन्स झकास बसली, पण कॅमेऱ्यातून पाहिले तर अंगणातली जास्वंद स्पष्ट आणि समोरची इमारत मात्र धुरकट. साडेपाच मीटरच्या पलीकडचे काहीच नीट दिसेना. लेथवाल्याने माप चुकवले, असे समजून त्यांनी दुसरे, ३ मि.मी. जाडीचे कडे करून घेतले. आता साडेसात मीटरपर्यंत दिसू लागले. महाशिवरात्रीला ते नेहमीची ५० मि.मी.ची लेन्स घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून आला तो दुसऱ्याचा.

लेथवाल्याची काहीच चूक नव्हती, आणि लेन्स विकणाऱ्याचीही नव्हती. कुठे अडले होते ते पाहू.

दूरच्या वस्तूची प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या नाभीपाशी पडते. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते. म्हणून जवळचे टिपताना लेन्स फिल्मपासून पुढे ढकलावी लागते; फोकसचे कडे फिरवताना आपण हेच करत असतो. लेन्सचे धातूचे कडे बॉडीवर जेथे टेकते, तेथून फिल्मपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. प्रत्येक कंपनीने ते आपापले ठरवलेले असते. निकॉनचे १९५९ सालच्या 'एफ' कॅमेऱ्यापासून ४६.५ मि.मी. आहे. कॅननने १९८७ साली आणलेल्या ईओएस मालिकेचे ४४ मि.मी. फरक अवघा अडीच मिलिमीटरांचा.

कॅननची लेन्स निकॉनवर ठेवली की ती फिल्मपासून अडीच मिलिमीटर जास्त दूर राहते. म्हणजे फोकसचे कडे अनंतावर असले तरी लेन्स आधीच पुढे ढकललेली असते. मग तिला सर्वांत दूरचे स्पष्ट दिसणारे अंतर किती? चिन्हे बाजूला ठेवून भिंगाचे सूत्र मांडले की उत्तर सोपे येते. नाभीय अंतर f आणि जास्तीचे अंतर x असेल, तर ती मर्यादा f(f + x) ÷ x. येथे f = २०० आणि x = २.५. उत्तर १६,२०० मि.मी., म्हणजे १६.२ मीटर. पण हे झाले कड्याला जाडीच नसेल तर. ३ मि.मी.चे कडे मध्ये आले की x होतो ५.५ आणि मर्यादा साडेसात मीटर. ५ मि.मी.च्या कड्याने x होतो ७.५ आणि मर्यादा साडेपाच मीटर. लेन्सला एका साध्या भिंगासारखे मानून केलेला हा हिशेब काकांच्या अंगणाशी जुळतो. मंदिर स्पष्ट दिसायला उणे २.५ मि.मी. जाडीचे कडे हवे होते. ते कोणत्या लेथवर कातणार?

हीच लघुदृष्टी. ५० मि.मी.ची लेन्स घेतली तर बिनजाडीच्या कड्यानेही मर्यादा १.०५ मीटरवर येते. तेवढेच दूरचे पाहू शकणाऱ्या माणसाला डोळ्यांचे डॉक्टर साधारण उणे एक नंबर देतील. कड्यात अंतर्वक्र भिंग बसवून हा दोष घालवता येतो, तशी कडी मिळतही असत. पण चांगल्या लेन्सपुढे हलका चष्मा लावल्यासारखे ते होते, आणि प्रतिमा खालावते.

आता उलट करून पाहा. निकॉनची लेन्स कॅनन ईओएसवर बसवायची असेल तर बरोबर २.५ मि.मी. जाडीचे कडे पुरते. अनंतापर्यंत सगळे स्पष्ट. फक्त आपोआप फोकस होणे बंद पडते आणि छिद्र हाताने लहान-मोठे करावे लागते. म्हणजे एका तटाची वाट दुसरीकडे उघडी, तर उलट वाट बंद!

कॅननवाल्यांनीही कमी सोसलेले नाही. १९८७ पूर्वीच्या त्यांच्या एफडी लेन्सांचे फ्लँज अंतर ४२ मि.मी. होते. कंपनीने नव्या मालिकेत ते ४४ केले आणि आपल्याच जुन्या ग्राहकांच्या लेन्सा लघुदृष्टीच्या करून टाकल्या. व्यवसाय म्हणून हा धाडसी निर्णय होता. नव्या बैठकीचा व्यास ५४ मि.मी. ठेवला, बॉडी आणि लेन्स यांच्यात फक्त विजेच्या संपर्काने निरोप जाऊ लागले आणि फोकसची मोटर प्रत्येक लेन्समध्ये गेली. पुढच्या दशकात क्रीडांगणांच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सांची रांग दिसू लागली, त्यामागे हे मोठे कारण होते. निकॉनने ४४ मि.मी. व्यासाची जुनीच बैठक जपली. तीही अगदी निर्मळ राहिली असे नाही. १९७७ साली बॉडीला छिद्राचे माप कळवण्याची पद्धत बदलली आणि कित्येक जुन्या लेन्सांच्या कड्यात फेरबदल करून घ्यावे लागले.

गंमत अशी, की वृत्तछायाचित्रकारांत निकॉनचे नाव झाले तेच दुसऱ्याच्या बॉडीवर बसून. १९५० साली कोरियाच्या युद्धावर गेलेल्या 'लाइफ'च्या डेव्हिड डग्लस डंकन यांनी आपल्या लायकावर निकॉनच्या लेन्सा लावल्या होत्या. लायकाची पेचाची बैठक निकॉनने स्वतःच्या काही लेन्सांसाठी जशीच्या तशी उचलली होती, म्हणून ते जमले.

त्याही आधी हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतच नसे. मुंबईच्या जे.जे. कला शाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत. त्याची लेन्स कायमची बसवलेली. एका रोलवर १२ चौकोनी फोटो, आणि जवळचे हवे असेल तर आपणच पुढे सरकायचे. आजचा मोबाइल याच कुळातला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढण्यात आले. त्या दिवशीची कितीतरी दृश्ये गाडीतल्या प्रवाशांनीच मोबाइलवर टिपली होती.

वर्गात हे दाखवायला कॅमेरा लागत नाही. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग घ्या आणि खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर आणा. कागद एक सेंटिमीटर मागे घ्या. झाड पुसट होईल. आता एका मुलाला पेटता टॉर्च घेऊन भिंगापासून दूर दूर जायला सांगा. कोठे थांबल्यावर टॉर्च कागदावर स्पष्ट येतो? हिशेबाने ४.२ मीटर. मग कागद आणखी एक सेंटिमीटर मागे घेऊन मुलाला किती पुढे बोलवावे लागते, ते वर्गालाच आधी काढू द्या.

काकांची लेन्स अजून कपाटात आहे. २०१८ पासून दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका आणल्या. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा हलवायला जागा लागे, म्हणून ते अंतर इतके मोठे ठेवावे लागत होते. आरसा गेल्यावर निकॉनचे नवे अंतर १६ मि.मी. झाले, कॅननचे २०. म्हणजे ती कॅननची लेन्स आता निकॉनच्या नव्या बॉडीवर २८ मि.मी. जाडीच्या कड्याने बसते, अनंतापर्यंत पाहू शकते, आणि कड्यात विजेचे संपर्क असतील तर छिद्रही चालते. भाच्याने असे कडे आणले. इतक्या वर्षांनी निकॉनमधून तिने अंबरनाथचे मंदिर पाहिले, शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख असलेले. फोटो आम्हाला दाखवले तेव्हा भिंतींवरची शिल्पे रेखीव दिसत होती, पण रंग फिके. लेन्स उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. बदलापूरचे वीसेक पावसाळे. बुरशी फिल्मच्या जागी नसल्यामुळे तिची आकृती फोटोत उमटत नाही. ती फक्त प्रकाश विखुरते आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी करते. साफ करायला लेन्स पूर्ण उघडावी लागेल. कोणाकडून उघडून घ्यावी, याचा काका विचार करत आहेत.